पांढरीतले चांदीचे नाणे

मृगाच्या दोन-चार सरी पडून गेल्या की, गावालगतच्या जुन्या पांढरीवरची माती धुपते आणि एरवी न दिसणाऱ्या वस्तू वर येतात. खापरांचे तुकडे, शंखाच्या बांगडीचा एखादा अवशेष, मणी. आणि क्वचित बोटाच्या नखाहून थोडे मोठे, काळवंडलेले, वाकड्या कडांचे चांदीचे नाणे. कयाधू, पूर्णा आणि पैनगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेल्या हिंगोली जिल्ह्यात असे नाणे कोणालाही सापडू शकते: गुराख्याला, निंदणीला आलेल्या बाईला, माळवदाच्या धाब्यासाठी पांढरी माती उकरणाऱ्या गड्याला. पुढे त्या नाण्याचे काय होणार, हे बहुधा पहिल्या तासातच ठरून जाते. ते आधी पदराला घासले जाते, मग घरी चिंचेने नाही तर राखेने उजळले जाते आणि आठवडी बाजाराच्या दिवशी सोनाराच्या काट्यावर चढते. दोन ग्रॅम चांदीचे जे येतील ते येतात आणि नाणे मुशीत जाते.

या व्यवहारात कोणाची लबाडी नसते. सापडणाऱ्याला चांदीची किंमत माहीत असते, नाण्याची नसते. नाण्याची किंमत म्हणजे हौशी संग्राहक बाजारात मोजतो ती रक्कम, असा दुसरा समज अलीकडे रूढ होत आहे. तोही अपुराच आहे. नाणे जे सांगू शकते त्यातील अर्धे त्याच्या दोन बाजूंवर कोरलेले असते. उरलेले अर्धे ते ज्या मातीतून निघाले त्या मातीत असते. नाणे वितळले तर पहिले अर्धे जाते. नाणे जपून ठेवले, पण कोठे सापडले याची नोंद राहिली नाही, तर दुसरे अर्धे जाते. हा दुसरा तोटा डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच तो अधिक वेळा होतो.

घणाचा घाव

आजचे नाणे यंत्रातून पडते. त्याचा गोल बिनचूक असतो, चित्र मध्यावर असते, एकासारखे दुसरे असते. जुने नाणे हाताने पाडलेले असे. चांदी वितळवून तिच्या पट्ट्या किंवा कांड्या करीत, त्यांचे तुकडे कापून तराजूत तोलीत आणि वजन जास्त भरले तर कडा कातरीत. मग तो तुकडा ऐरणीत पक्क्या बसवलेल्या खालच्या ठशावर ठेवून, त्यावर वरचा ठसा धरून घणाचा घाव घालीत. ठसे कोरणारा कारागीर कुशल असे. घाव घालणारा दिवसाकाठी किती नाणी पाडावयाची या हिशेबात असे. घाव तिरपा पडला तर चित्र एका कडेला सरकते. जोर जास्त झाला तर कड फाटते. तुकडा ठशाहून लहान असला तर अक्षरांचा काही भाग नाण्याबाहेरच राहतो. त्यामुळे हाताने पाडलेली दोन नाणी हुबेहूब सारखी क्वचितच सापडतात.

हे दोष अभ्यासकाला उपकारक ठरतात. एका नाण्यावर राजाच्या नावाची पहिली तीन अक्षरे उमटलेली असतात, दुसऱ्यावर शेवटची चार. दोन्ही शेजारी ठेवली की नाव पूर्ण होते. म्हणून फुटके, अर्धे, पुसट नाणे टाकाऊ समजू नये. संग्राहकाच्या दृष्टीने ते कवडीमोल असेल. इतिहासाच्या दृष्टीने हरवलेली अक्षरे त्याच्यावरच असण्याचा संभव असतो.

याहून जुनी एक पद्धत होती. तिच्यात पूर्ण ठसा नसून लहान लहान चिन्हांचे वेगवेगळे ठसे एकामागून एक ठोकले जात. सूर्य, सहा आऱ्यांचे चिन्ह, डोंगर, वृक्ष, पशू अशी ही चिन्हे असत. अशा नाण्यांना आहत नाणी म्हणतात. मौर्यकाळात सर्वत्र चालणाऱ्या चांदीच्या आहत नाण्याचे वजन सुमारे ३.४ ग्रॅम असून त्याच्या एका बाजूवर बहुधा पाच चिन्हे असतात. त्यावर राजाचे नाव नसते, सन नसतो, अक्षर म्हणून नसते. चौकोनी किंवा वेडावाकडा तो तुकडा पाहून हे नाणे आहे हेच पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

हाली आणि कलदार

हिंगोली जिल्ह्यात एखादे लहानसे, ठोकून पाडलेले चांदीचे नाणे सापडले, तर ते सातवाहनांचेच असेल असे धरून चालू नये. ते पणजोबांच्या काळातलेही असू शकेल, कारण या मुलखात ठोक नाण्यांचा काळ फार दिवस टिकला. हा भाग निजामाच्या राज्यात होता. तेथे चालणाऱ्या रुपयाला हाली सिक्का म्हणत. हाली म्हणजे चालू. सुरुवातीला निजामाची नाणी दिल्लीच्या बादशहाच्या नावाने पाडली जात. १८५७ च्या उठावानंतर बादशाहीच संपली आणि नाण्यावर आसफजाहाचे नाव आले. टाकसाळीचे नाव हैदराबाद, त्याला जोडून फर्खुंदा बुनियाद ही उपाधी. चारमिनारचे चित्र असलेला यंत्रावरचा हाली रुपया १९०३-०४ च्या सुमारास प्रचारात आला. त्यापूर्वीचे बहुतेक हाली नाणे घणाखालून निघालेले आहे.

या हाली रुपयाचे भाग होते: अर्धा, पाव, दोन आणे, एक आणा. हे सर्व चांदीत पाडले जात. रुपया सुमारे ११.२ ग्रॅमचा, म्हणजे दोन आण्यांचे नाणे १.४ ग्रॅमच्या आसपास आणि एक आणा त्याच्याही निम्मा. एवढ्याशा चकतीवर फारसी अक्षरांच्या दोन-तीन फराट्यांपलीकडे काही मावत नसे. यातील काही नाण्यांवर फारसी आकड्यांत ९२ असे लिहिलेले दिसते. हे वर्ष नव्हे. फारसी-अरबी लिपीत प्रत्येक अक्षराला अंकमूल्य असते. त्या हिशेबाने मुहम्मद या नावाची बेरीज ९२ होते. शाळेतील एखाद्या शिक्षकाने हिजरी सनाचा शब्दकोश पाहून हे नाणे हिजरी १०९२ चे, म्हणजे औरंगजेबाच्या काळातले ठरविले, तर त्याची चूक समजण्यासारखी आहे. मात्र तिच्यामुळे नाण्याचे वय दोनशे वर्षांनी वाढते.

जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या पैनगंगेला या बाबतीत विशेष महत्त्व होते. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, ते कंटिन्जंट फौजेच्या खर्चासाठी. त्या फौजेची एक छावणी हिंगोलीतच होती आणि १९०३ पर्यंत ती राहिली. तहानंतर नदीच्या पलीकडे इंग्रजी अंमल व इंग्रजी रुपया आणि अलीकडे निजामी अंमल व हाली रुपया, अशी स्थिती झाली. इंग्रजी रुपयाला लोक कलदार म्हणत. कल म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला तो कलदार. घणाचे नाणे आणि यंत्राचे नाणे यांतला फरक सामान्य माणसाने एका शब्दात नोंदवून ठेवला, आणि मराठवाड्यातील वृद्ध माणसांच्या बोलण्यात तो पुढे कितीतरी वर्षे ऐकू येत असे. पुढे शंभर कलदारांना सुमारे एकशे सतरा हाली रुपये, म्हणजे सहास सात, हा भाव स्थिर झाला. कलदारात शुद्ध चांदी पावणेअकरा ग्रॅमच्या आसपास, तर हालीत नऊ ग्रॅमहून किंचित अधिक. हा भाव त्या चांदीच्याच प्रमाणात आहे. कापूस, गुरे आणि धान्य घेऊन नदी ओलांडणाऱ्या शेतकऱ्याला हा हिशेब तोंडी करावा लागे. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाल्यानंतर काही वर्षांत हाली चलन मागे पडले आणि भारतीय रुपयाने त्याची जागा घेतली.

म्हणून पैनगंगेच्या दक्षिण काठावरील शेतात कलदार आणि हाली ही दोन्ही नाणी एका गाडग्यात सापडली, तर त्या गाडग्याच्या मालकाचा व्यवहार नदीपलीकडे होता, असे अनुमान काढता येते. नाणी वेगवेगळी विकली गेली तर ते काढता येत नाही. हाली नाणे फार दुर्मीळ नाही. त्याची नोंद फार दुर्मीळ आहे.

दोन ग्रॅमची परंपरा

आता जुन्या काळाकडे वळता येईल. महाराष्ट्रात चांदीचे लहान नाणे हा प्रकार फार जुना असून त्याचा एक साचा जवळजवळ पाच शतके टिकून राहिला. वजन दोन ग्रॅमच्या आगेमागे, आकार आजच्या जाड शर्टाच्या गुंडीएवढा, एका बाजूस राजाचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूस चिन्ह व नाव. पश्चिम भारतात राज्य करणारा क्षहरात वंशीय क्षत्रप नहपान याने हा साचा वापरला. त्याच्यानंतरच्या क्षत्रपांनी तो चालविला आणि काही काळाने त्यावर शक संवताचे वर्षही घालण्यास सुरुवात केली. पुढे त्रैकूटकांनी आणि त्यांच्यामागून सहाव्या शतकात कलचुरी राजा कृष्णराज याने तेच वजन आणि तोच आकार कायम ठेवला. कृष्णराजाच्या नाण्यावर एका बाजूस त्याचा चेहरा, दुसऱ्या बाजूस नंदी आहे.

या कृष्णराजाच्या नाण्याची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. नाशिकजवळच्या अंजनेरी येथे राजा भोगशक्ती याचे ताम्रपट सापडले. त्यांतील एकाचा काळ इ. स. ७१० च्या सुमाराचा. त्यात दंडाची रक्कम सांगताना कृष्णराज रूपक या नाण्याचा उल्लेख आला आहे. म्हणजे राजा जाऊन जवळजवळ दीडशे वर्षे झाली, त्याचे राज्यही गेले, तरी त्याचे नाणे बाजारात खणखणत होते. यावरून एक सावधगिरी शिकण्यासारखी आहे. पांढरीच्या एखाद्या थरात सहाव्या शतकाचे नाणे सापडले, तर तो थर सहाव्या शतकापूर्वीचा नाही एवढेच खात्रीने म्हणता येते. तो आठव्या शतकाचा असू शकेल. नाणे ज्या दिवशी पाडले तो दिवस आणि ज्या दिवशी ते कोणाच्या कनवटीतून निसटले तो दिवस, यांत कित्येक पिढ्यांचे अंतर असू शकते. गावाचा इतिहास लिहिणाऱ्या उत्साही मंडळींकडून हा भेद पुष्कळदा नजरेआड होतो.

मध्यंतरीच्या काळात गधैया नावाची जाड, ओबडधोबड नाणी आली. त्यांच्यावरचा चेहरा नक्कल होत होत ओळखू येईनासा झाला आहे. औंढा नागनाथाच्या देवळाने यादवकाळाची साक्ष जिल्ह्यात ठेवली आहे खरी, पण यादवांचे नाव ज्याच्याशी जोडले जाते ते पद्मटंक हे सोन्याचे नाणे. बहमनी आणि मोगल काळातील टंका व रुपया ही अकरा ग्रॅमच्या आसपासची मोठी नाणी. त्यांचे लहान भागही असत.

जोगलटेंभीची तेरा हजार नाणी

नाणी एकत्र राहिली आणि त्यांचे ठिकाण कळले म्हणजे काय साधते, याचे महाराष्ट्रातील सर्वांत मोठे उदाहरण नाशिक जिल्ह्यातील आहे. हिंगोलीहून ते दूर असले, तरी त्याने जो इतिहास उलगडला त्यात या भागाचाही वाटा आहे.

दारणा आणि गोदावरी यांच्या संगमाजवळ जोगलटेंभी नावाचे गाव आहे. तेथे १९०६ मध्ये चांदीच्या लहान नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्याचा अभ्यास करून तो मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. नाण्यांची संख्या सुमारे १३,२५०. ती सर्व नहपानाची. एका बाजूला चेहरा आणि ग्रीक वळणाची अक्षरे. दुसऱ्या बाजूला बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी या दोन लिपींत राजाचे नाव. चेहरे एकसारखे नाहीत. काही तरुण, काही वृद्ध, कोणाचे नाक सरळ तर कोणाचे बाकदार. ठसे कोरणारे हात किती होते याची कल्पना त्यावरून येते.

परंतु खरी गोष्ट पुढेच आहे. या साठ्यातील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसऱ्यांदा घाव घातलेला आहे. नहपानाच्या चेहऱ्यावरच तीन कमानींच्या डोंगराचे चिन्ह ठोकलेले, त्याभोवती गौतमीपुत्र श्री सातकर्णी याचे नाव. दुसऱ्या बाजूवर सातवाहनांच्या नाण्यांवर नेहमी दिसणारे उज्जयिनी चिन्ह. खालचा चेहरा पूर्णपणे पुसला गेलेला नाही. डोंगराच्या रेघांमधून नहपानाचे नाक किंवा केस डोकावतात.

नाशिकच्या लेण्यांत तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्री या राजमातेचा शिलालेख आहे. तो तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला. त्यात तिने आपला मुलगा गौतमीपुत्र याने क्षहरात वंशाचा उच्छेद केला असे म्हटले आहे. आईने मुलाचे केलेले वर्णन कितपत शब्दशः घ्यावे, असा संशय कोणीही घेऊ शकला असता. जोगलटेंभीच्या नाण्यांनी तो फिटला. जित राजाचे नाणे जेत्याच्या हाती पडले आणि त्याने ते न वितळविता त्यावरच आपली मुद्रा उमटविली. वितळवून पुन्हा पाडण्यापेक्षा हे स्वस्तही होते, आणि नव्या राजाचे नाव बाजारात लवकर पोचविणारेही.

त्याच शिलालेखात गौतमीपुत्राच्या सत्तेखालील देशांची नावे आहेत. त्यांत अश्मक, मूळक आणि विदर्भ ही येतात. मूळक म्हणजे पैठणचा परिसर, अश्मक गोदावरीच्या खालच्या अंगाला, विदर्भ उत्तर-पूर्वेस. आजचा हिंगोली जिल्हा या तिहींच्या सांध्यावर पडतो. वाशीम, म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, आणि नांदेड यांना जोडणारी वाट याच भूभागातून जाते. अशा सांध्यावरच्या एखाद्या गावात नहपानाचे पुन्हा ठोकलेले एक जरी नाणे निघाले, आणि ते कोठे निघाले हे निश्चित कळले, तर त्या चांदीचा प्रवास कोठवर झाला हे कळेल.

आता असे समजा की, जोगलटेंभीचा साठा सापडला त्याच आठवड्यात तो वाटला गेला असता. चारशे-पाचशे नाणी संग्राहकांकडे पोचली असती. त्यांनी अर्थातच उत्तम, स्वच्छ चेहऱ्याची नाणी निवडली असती आणि दुहेरी घावाची, गिचमिड दिसणारी नाणी सोनाराकडे गेली असती. शंभरांत सत्तर नाणी पुन्हा ठोकलेली होती, हे प्रमाण कोणाला कळले नसते. कदाचित चुकून दोनदा ठोकलेली काही नाणी, एवढीच त्यांची वासलात लागली असती.

त्या चांदीने बाजारात काय येत असे, हेही नाशिकच्याच लेण्यांत वाचता येते. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दोन हजार कार्षापण दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि दुसऱ्या श्रेणीकडे एक हजार कार्षापण दरमहा शेकडा पाऊण व्याजाने कायम ठेव म्हणून ठेवले. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी द्यावयाचे. हिशेब पाहावा: दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस, आणि वीस गुणिले बारा दोनशे चाळीस. हे कार्षापण म्हणजे त्या काळची चांदीची चलनी नाणी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे पांढरीत सापडणारी ती लहानशी चकती एका माणसाच्या वर्षाच्या वस्त्राचा बारावा हिस्सा होती. पाचवी-सहावीच्या वर्गात शेकडेवारी शिकविताना याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

शेजारचे तऱ्हाळा

हिंगोलीच्या अधिक जवळचे उदाहरण वाशीम जिल्ह्यातील मंगरुळपीर तालुक्यातले आहे. तऱ्हाळा या गावी १९३९ मध्ये सातवाहनांच्या सुमारे सोळाशे नाण्यांचा साठा मिळाला. ही नाणी चांदीची नव्हेत; पोटीन या तांबे, कथील व शिसे यांच्या मिश्रणाची. म्हणजे धातूच्या भावाने त्यांना जवळजवळ किंमतच नव्हती. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ती वाचली. पुराणांच्या वंशावळीत ज्यांचा पत्ता नाही असे कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी आणि शक सातकर्णी हे राजे या नाण्यांमुळे प्रथम उजेडात आले. ती भंगारात गेली असती, तर ही तीन नावे बहुधा कोणाला कळलीच नसती.

काळी आणि पांढरी

नाणे कोठे सापडले, हे सांगताना हिंगोलीसारख्या जिल्ह्यात एका गोष्टीकडे विशेष लक्ष पुरवावे लागते. जुन्या महसुली भाषेत पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्यांच्या राख, शेण, मातीच्या भिंती आणि केरकचरा यांनी वस्तीची माती पांढुरकी व खतावलेली होते. म्हणूनच शेतकरी ती गाडीत भरून काळीत टाकतात आणि माळवदावर पसरण्यासाठीही नेतात. मातीबरोबर नाणेही जाते. काळ्या शेतात मध्यावर सापडलेले नाणे तेथे कोणी पुरलेले किंवा हरवलेले असेलच असे नाही. ते वीस वर्षांपूर्वी खताच्या गाडीतून आलेले असू शकेल. धाब्याची माती गळती झाली म्हणून काढताना सापडलेल्या नाण्याचे खरे घर गावाबाहेरच्या टेकाडात असते. म्हणून ‘अमक्याच्या शेतात सापडले’ एवढी नोंद पुरत नाही. शेतात माती कोठून आणली होती, हे शेतकऱ्यालाच विचारावे लागते आणि तोच ते सांगू शकतो. बाहेरून आलेल्या तज्ज्ञाला हे कधीच कळणार नाही. ग्रामपंचायत सदस्याची आणि गावच्या शिक्षकाची गरज येथे आहे.

तलाव, पाझर तलाव, शेततळी आणि रस्त्यांसाठी माती-मुरूम उचलताना पांढरीची टेकाडे अजूनही कापली जातात. यंत्राने एका दिवसात जेवढी माती हलते तेवढी पूर्वी दहा वर्षांत हलत नसे. कामाचे आदेश काढताना गावठाणाजवळचे टेकाड टाळून माती दुसरीकडून उचलता येते काय, एवढा प्रश्न अधिकाऱ्याने विचारला तरी पुष्कळ वाचते.

सापडल्यावर

नाणे मिळाले की ते धुऊ नये, घासू नये, तापवू नये. चांदीवरचा काळा थर आणि तीत मिसळलेल्या तांब्यामुळे येणारी हिरवी झाक यांच्याखाली अक्षरे शाबूत असतात. चिंच, लिंबू, राख यांनी थराबरोबर अक्षरेही जातात. जुनी चांदी ठिसूळ झालेली असते, म्हणून दाबून किंवा वाकवून पाहू नये. साध्या कोऱ्या कागदाच्या पाकिटात ते ठेवावे. पाकिटावर गाव, गट क्रमांक, शेताची बाजू, किती खोलीवर, सोबत काय होते, माती बाहेरून आणलेली असल्यास कोठून, आणि तारीख लिहावी. मोजपट्टी शेजारी ठेवून भ्रमणध्वनीवर दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. सोनाराचा काटा येथे उपयोगी पडतो. वजन ग्रॅममध्ये, दोन दशांशांपर्यंत घ्यावे. एकाहून अधिक नाणी मडक्यात असली तर मडके रिकामे करू नये. तळाची नाणी आधीची आणि वरची नंतरची असण्याचा संभव असतो. मडक्याची खापरेही जपून ठेवावीत, कारण मडक्याच्या घडणीवरून काळ ठरतो.

कायदा काय म्हणतो, याबद्दल गावोगाव भीती अधिक आणि माहिती कमी आहे. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली कोणतीही मौल्यवान वस्तू हा निधी होय. दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास त्याचे स्वरूप, अंदाजे किंमत, ठिकाण आणि सापडल्याची तारीख जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावी लागते आणि वस्तू शासकीय कोषागारात जमा करावी लागते अथवा हजर करण्याची हमी द्यावी लागते. जिल्हाधिकारी जाहीर नोटीस काढून हक्क सांगणाऱ्यांना चार ते सहा महिन्यांच्या अवधीतील तारीख देतात. चौकशीअंती निधी बेवारस ठरला आणि जमिनीच्या मालकाने हक्क सांगितला नाही, तर तो सापडणाऱ्याला मिळतो. मालकाने हक्क सांगितला व दोघांत वेगळा करार नसला, तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे आणि एक हिस्सा मालकाचा. शासनाला तो संग्रहासाठी हवा असेल तर धातूची किंमत आणि तिच्यावर एक पंचमांश एवढी रक्कम देऊन तो घेता येतो. निधी लपविणाऱ्याचा हिस्सा मात्र सरकारजमा होतो आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असल्याने येथे कोणती तरतूद कशी लावावयाची ते जिल्हाधिकारी कार्यालय ठरवील. सापडणाऱ्याने लेखी कळवावयाचे आणि पोच घ्यावयाची, यात त्याने फरक पडत नाही. शिवाय १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमाप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे हा पुरावशेष आहे. परवान्याशिवाय त्याचा व्यापार करता येत नाही आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही.

धातूची किंमत अधिक एक पंचमांश, हा हिशेब १८७८ चा आहे. अतिदुर्मीळ नाण्याच्या बाबतीत तो तोकडा पडतो आणि प्रामाणिक माणसाला फारसे उत्तेजन देत नाही, हे मान्य केले पाहिजे. पण लोक नाणी लपवितात ते बहुधा पैशासाठी नव्हे. चौकशीचा ससेमिरा, भाऊबंदांचा वाद आणि आणखी धन पुरले असेल म्हणून रात्री-अपरात्री शेत उकरले जाण्याची धास्ती, ही कारणे अधिक खरी आहेत. गुप्तधनाच्या नावाखाली मांत्रिकांचे फावते ते याच धास्तीवर. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमाने गुप्तधनासाठी केलेली अघोरी कृत्ये गुन्हा ठरविली आहेत. गावात नाणे सापडल्याची वार्ता पसरली की सरपंचांनी आणि पोलीस पाटलांनी त्याच दिवशी तेथे जाणे इष्ट. तहसीलदारांकडे जाणारा अर्ज ग्रामपंचायतीत बसून लिहून द्यावा, सापडणाऱ्याचे नाव त्यात पहिले घालावे, पंचांसमक्ष नाण्यांची संख्या व वजन नोंदवावे आणि पोच त्याच्या हाती द्यावी. तपासणीचे काम राज्याचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय करते. नाणकशास्त्राला वाहिलेली संशोधन संस्था नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० पासून आहे. ज्या गावी कृष्णराज रूपकाचा ताम्रपट सापडला तेच हे गाव.

शाळेत सापडलेल्या वस्तूंची एक वही ठेवता येईल. नाण्यावर पातळ कागद धरून मऊ शिसपेन्सिल हलक्या हाताने फिरविली की दोन्ही बाजूंचा उठाव कागदावर येतो. नाणे तडकलेले असल्यास हे करू नये, बाह्यरेषा काढावी. त्याखाली वजन, गट क्रमांक, माती कोठून आली ते, आणि सापडणाऱ्याने सांगितलेली हकिकत त्याच्याच शब्दांत लिहावी. नाणे हाली दोन आण्यांचे निघाले तरी पान फाडू नये. नाणे अर्जासोबत तहसिलीत जाते. पान शाळेत राहते.